कमान उभी असली तर

फाटकाच्या कडीला वेलीच्या एका तंतूने वेढे घातले होते. निम्म्यापर्यंत सगळे वेढे उजवीकडे, मधे एक लहानसा सरळ तुकडा आणि तिथून पुढे सगळे डावीकडे. दोन्ही टोकं घट्ट बांधलेली असली की असंच होतं. एका बाजूला बसलेला पीळ दुसऱ्या बाजूला फेडावा लागतो. मी वाकून ते बघत होते, तेवढ्यात माझ्या नणंदेने मागून हात घालून कडी ओढली. तंतू तुटला.

"वहिनी, आज काही निरखत बसू नकोस हं," ती म्हणाली. "आज फक्त कापाकापी!"

फाटकाच्या आत माझ्या सासऱ्यांची जमीन होती, असं कागदोपत्री म्हणायचं. डोळ्यांना दिसत होती ती झुडपांची एक भिंत. काटेरी फांद्या एकमेकींत शिरलेल्या, वर वेलींचं पांघरूण, खाली कमरेएवढं वाळकं गवत. या सगळ्याच्या पोटात कुठेतरी सासऱ्यांची भट्टी होती. ते बरण्या आणि कुंड्या भाजायचे. ते गेले आणि कुणी इकडे फिरकलं नाही.

भांडी घडवायचा नाद मात्र त्यांच्या लेकीने उचलला. नणंद घरच्या गॅलरीत चाक मांडून बसते आणि कच्ची भांडी जुन्या साड्यांत गुंडाळून दुसऱ्याच्या भट्टीवर भाजायला नेते. परत आणते तेव्हा निम्म्यांची झिलई तडकलेली किंवा ओघळलेली असते. मी फरशांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. झिलई का तडकते आणि कुठल्या आचेला ओघळते, हेच माझं दिवसभराचं काम. त्यामुळे तिचं कित्येक वर्षांचं पालुपद ठरलेलं होतं: "तू नोकरी सोड. मी घडवते, तू भाज." माझं उत्तरही ठरलेलं होतं: "आधी ती झुडपं निघू देत, मग बघू." हे उत्तर बिनधोक होतं. झुडपं कोण काढणार होतं?

तर परवा जेवताना तिने ताटाशेजारी मोबाईल ठेवला. पडद्यावर एक ट्रक आणि त्यासमोर जाळीची शिरस्त्राणं घातलेली माणसं.

"जमिनी साफ करून देणारे लोक आहेत. मी ठरवून टाकले. आता बोल."

माझ्या नवऱ्याने वर न बघता भात कालवला. बहीण आणि बायको यांच्या मधे तो कधीच बोलत नाही.

"भट्टी कुठल्या अवस्थेत असेल काय माहीत," मी म्हणाले. "कमान उभी असली तर बघू."

"बघू नाही. कमान उभी असली तर तू नोकरी सोडणार."

"आणि पडलेली असली तर?"

"तर विषय बंद. मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"तू? तोंड?" नवरा एवढंच म्हणाला, आणि तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

मी "बरं" म्हणाले. रात्री मला झोप लागेना.

आज फाटकाशी थांबलेल्या ट्रकमधून आधी उतरली ती त्यांची मुकादम. उंच, खणखणीत आवाजाची बाई. जाळी कपाळावर सरकवलेली, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट.

"आत काय काय आहे, ताई?"

"विटांची भट्टी," नणंद म्हणाली. "तिला धक्का लागता कामा नये."

"विहीर?"

"नाही."

"नक्की? मागे एक मालक अगदी असंच 'नाही' म्हणाले होते. माझा गडी काठावर एका पायावर उभा राहिला तेव्हा त्यांना आठवली."

"नक्की नाही," मी म्हणाले. ती हसली आणि तिने हात वर केला.

त्यांनी यंत्रं लगेच सुरू केली नाहीत. आधी चौघेजण रस्त्याच्या बाजूने ओळीत उभे राहिले आणि काठ्यांनी झुडपं बडवायला लागले. ओढ्याची बाजू मोकळी सोडली होती. आतल्या जिवांना पळायला वाट हवी, मुकादम म्हणाली. गवत सळसळलं, एक ससा टुणकन बाहेर पडला आणि ओढ्याकडे उधळला. नणंद किंचाळली. भीतीने नव्हे, लग्नात वरात दिसल्यावर पोरी किंचाळतात, तशी.

मग यंत्रं घरघरली. गवत आडवं व्हायला लागलं, फांद्या खाली यायला लागल्या. ओल्या चिकाचा कडवट वास सगळीकडे पसरला. पट्ट्यापट्ट्याने जमीन उघडी पडत होती, आणि प्रत्येक पट्ट्यासरशी मी एक पाऊल पुढे सरकत होते. मुकादमने दोनदा मागे ढकललं. "ताई, दगड उडतात. डोळे नकोसे झालेत का?" मागे जायचे आणि पुन्हा पुढे. आपण फक्त बघायला आलो आहोत, असं मी स्वतःला सांगत होते आणि ते मलाच पटत नव्हतं.

फोन वाजला. नवरा.

"साप निघाला का?"

"ससा निघाला."

"बरं. मी नंतरच येतो."

"वीट!" नणंद ओरडली. "वहिनी, वीट!"

हिरव्या गचपणातून एक तांबडा कोपरा वर आला होता. गड्यांनी यंत्रं बंद करून कोयते घेतले. वेली हाताने ओढून काढायच्या, सावकाश. कोपऱ्याची भिंत झाली. भिंतीत काळं तोंड दिसलं, जिथून सासरे लाकडं सारायचे. आणि त्या तोंडावर, काजळीने माखलेली, एकही वीट न ढळलेली कमान.

नणंदेने मला कवेत घेऊन गर्रकन फिरवलं. "सोडलीस! नोकरी सोडलीस तू! सगळ्यांनी ऐकलंय, मुकादमबाई, तुम्ही साक्षीदार!"

"मला काय माहीत कसली नोकरी," मुकादम म्हणाली, "पण अभिनंदन." ती भट्टीच्या मागे गेली. काही वेळ कोयत्याचा आवाज आला, मग थांबला.

"ताई, जरा इकडून या."

मागून भट्टी उघडी होती. समोर दिसली ती फक्त तोंडावरची लहान कमान. आतली मोठी, जिच्याखाली भांडी रचतात, ती खाली बसली होती. विटांच्या ढिगातून मांडीएवढ्या बुंध्याचं एक झाड वर आलं होतं, अगदी मालकासारखं.

नणंद बघत राहिली.

"बोलल्याप्रमाणे," ती शेवटी म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "विषय बंद." आणि एकेक बोट मोकळं करत हातमोजे काढायला लागली.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी तशी वाट पाहिलीही. काहीच झालं नाही. मी ढिगात उतरले होते, कधी ते कळलंच नाही. दोन विटा उचलून एकमेकींवर आपटल्या. टण्ण! पक्क्या भाजलेल्या. पालापाचोळा सारला; खालची जमीन सपाट, कुठे खचलेली नाही. बाजूच्या भिंती वरच्या अंगाला बाहेर कलल्या होत्या, दोन्ही सारख्याच.

"ही पडणारच होती," मी म्हणाले. "झाड नंतर आलं. कमान फार चपटी होती. तिने भिंतींना बाहेर ढकललं, आणि भिंतींना मागून टेकूच नाही."

"वहिनी, पुरे. मेलेल्याची चिरफाड नको."

"अगं, ऐक तर!" मी एक काटकी उचलली आणि साफ केलेल्या मातीत रेघ ओढली. "हिची उंची इतकी घेतली, आणि इथे बाहेरून जाड टेकू दिले, तर आच वर अडकणार नाही, मागच्या रांगेपर्यंत सारखी जाईल. तुझी मागची भांडी कच्ची राहणार नाहीत. याच विटा वापरायच्या, तडकलेल्या तेवढ्या बाजूला टाकायच्या."

नणंदेने दुसरा हातमोजा अर्धाच काढला होता. ती आता माझ्याकडे बघत होती, रेघेकडे नाही.

"ताई," मुकादमने खांद्यावर करवत घेतली, "या झाडाचं काय ते सांगा. ठेवायचं की काढायचं?"

"काढा."

"बुंधा कापून, की मुळासकट?"

"मुळासकट. नवी भिंत तिथेच येणार."

"कुठली नवी भिंत?" नणंद म्हणाली.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ती ढिगावरून धडपडत खाली उतरली आणि तिने माझे दोन्ही दंड धरले. "नीट बोल. 'बघू' म्हणालीस तर याच ढिगात पुरेन."

मी सांगितलं, पण त्याच क्षणी करवत सुरू झाली.

"काय?" नणंद ओरडली.

मी आयुष्यात वर्गात, प्रयोगशाळेत, घरात कधी आवाज चढवलेला नाही. छातीत हवा भरून घेतली.

"मी नोकरी सोडतेय!"