सहा चकत्यांचा मान

शहाण्णव सालच्या अधिक महिन्यात निंबा नानांनी धाकट्या जावयाला फैजपूरला बोलावून धोंड्याचं जेवण घातलं आणि वर गिअरची सायकल दिली. जळगावला जावयाच्या गल्लीत प्रल्हादचा भाव एका संध्याकाळीत वाढला. जिल्हा परिषदेत तो नुसता बारनिशीला, आवक-जावक टपालाच्या टेबलावर होता, पण आता लोक त्याला रस्त्यात थांबवून मागच्या चाकावरच्या चकत्या मोजायचे. सहा! गावात चढ म्हणाल तर रेल्वेचा पूल तेवढा, आणि तोही प्रल्हाद खाली उतरून, सायकल हातात धरून चढायचा. गिअर कायम तिसऱ्यावर. पण सहा म्हणजे सहा.

वैजयंतीला, त्याच्या बायकोला, त्या चकत्यांचं कौतुक नव्हतं असं नाही. बापानं दिलेली वस्तू होती. तिचं लक्ष होतं मागच्या कॅरिअरवर, कारण तिथं तिची साडेचार वर्षांची केतकी बसून बालवाडीला जायची. ज्या बाईनं पोरीला द्राक्षसुद्धा बी काढून, चार तुकडे करून दिलं, ती पोरीला दोन चाकांवर बसवून निवांत भाकरी थापत बसेल, हे शक्यच नव्हतं.

दिवाळीत सायकलचा मागचा एक्सल मोडला. चाकाच्या मधून आरपार जाणारा दांडा तो. ज्यावर सगळं वजन. घरात लगेच चौकशी समिती बसली. प्रल्हादनं नगरपालिकेच्या खड्ड्यांना दोष दिला. कोपऱ्यावरच्या भटू मिस्तरीनं प्रल्हादच्या पोटाकडे पाहिलं, पण गिऱ्हाईक म्हणून गप्प बसला. सासूबाई भिकुबाईंनी थेट निकाल दिला.

"तुह्या बापाचं चाकच नाजूक व माय. दिखाऊ."

होळीला पुन्हा मोडला. सासूबाई हे वाक्य आता स्वयंपाकात मिठासारखं वापरू लागल्या. चिमूटभर इकडे, चिमूटभर तिकडे.

एप्रिलात तिसऱ्यांदा मोडला, असोद्याच्या रेल्वे गेटजवळ, आणि कॅरिअरवर केतकी होती. चाक आडवं होऊन फ्रेमच्या मागच्या चिमट्यात अडकलं, दोघं पडली. घरी येऊन प्रल्हादनं सांगितलं, "शाळेत खेळताना खरचटलं तिला." केतकीनं कोपर वर करून सांगितलं, "नाही, पप्पांनी पाडलं. रुळाच्या जवळ."

त्या रात्री वैजयंती काही बोलली नाही, म्हणजे प्रल्हादनं घाबरायला हवं होतं. त्याला वाटलं, विषय मिटला.

तिनं तिन्ही मोडके एक्सल बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले होते. सकाळी ते ओट्यावर शेजारी शेजारी मांडले. तिन्ही उजवीकडून मोडलेले, अगदी एकाच जागी. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या या बाईच्या पदवीचा सासरी उपयोग उडालेला फ्यूज बांधण्यापुरता होता. ती डबा घेऊन भटूकडे गेली.

"भटूभाऊ, खड्डे काय फक्त उजवीकडेच असतात का?"

भटूनं तुकडे पाहिले, डोकं खाजवलं आणि जुनं चाक खोलून दाखवलं. चकत्यांचा गठ्ठा, म्हणजे फ्रीव्हील, चाकाच्या मधल्या हबवर आट्यांनी बाहेरून चढवलेला. बेअरिंगचे छर्रे मात्र आत, हबच्या पोटात. छर्‍यांपासून फ्रेमपर्यंत तीन बोटं दांडा आधाराशिवाय नुसता लोंबकळत. जितक्या चकत्या जास्त, तितका तो जास्त लोंबकळणार.

"मग याला पर्याय?"

"शे ना. कॅसेट हब. त्यामा छर्रे पार कडेले राहतस, फ्रेमले लागूनच. दांडा वाकत नही," भटू म्हणाला आणि लगेच हात झटकले. "पन येनं सामान आठे भेटत नही, वहिनी. मन्हाकडे येना पानाबी नही. आट्यावालं कसं, आसोद्यासारख्या खेडामा बी दुरुस्त होई!"

"होईल. दर तीन महिन्यांनी होतंच आहे."

कॅसेटचं चाक अख्ख्या खानदेशात तिला एकच माहीत होतं. ते धुळ्याला नणंदेच्या नवऱ्याच्या, बन्सीलालच्या सायकल दुकानात काचेच्या कपाटात लटकलेलं होतं. मुंबईहून आणलेलं. वर्षभर बन्सीलाल प्रत्येक लग्नात त्या चाकाचं वर्णन करत होता आणि वर्षभर ते कोणी घेत नव्हतं.

तिनं घरात विषय काढला आणि चमत्कार झाला. सहा महिने नानांच्या चाकाला नावं ठेवणाऱ्या सासूबाई त्याच चाकाच्या बाजूनं उभ्या राहिल्या.

"बन्सीलाल या घरचा जावाई हाये. जावयाला द्यायचं आसतं, त्याच्याकडून घ्यायचं नसतं. आसं कुठी राहतं का?"

"फुकट नाही आई, विकत घेऊ."

"जावयाला पैशे देशील? दुकानदार हाये का तो?"

बन्सीलाल दुकानदारच होता, पण हे सांगून उपयोग नव्हता. प्रल्हादनं पेपरमागून आवाज दिला, "आणि नानांना काय वाटेल? सासऱ्यांनी मानानं दिलेलं चाक काढायचं?" नानांच्या भावनांची एवढी काळजी त्यानं लग्नातसुद्धा केली नव्हती.

एकंदरीत, जे चाक मोडत होतं ते मानामुळे काढता येत नव्हतं आणि जे मोडणार नव्हतं ते मानामुळे घेता येत नव्हतं. या दोन मानांच्या मधोमध केतकी बसायची.

बुधवारी वैजयंतीनं जुनं चाक पोत्यात बांधलं, बिस्किटाचा डबा पिशवीत टाकला आणि धुळ्याची एसटी धरली. बन्सीलालनं तिला पाहून चहा मागवला, सरबत मागवलं आणि चाकाचं नाव काढताच गडबडला.

"अहो वहिनी, ते शोभेचं आहे. गिऱ्हाईक बघायला येतं."

"मग हे लावा शोभेला." तिनं पोतं सोडलं. "सहा चकत्या आहेत. चमकतंय. विकायचं नाही, द्यायचं नाही. अदलाबदल. अदलाबदलीत कोणी कोणाचं घेत नसतं ना, भाऊ?"

बन्सीलालनं नियम आठवून पाहिला. असा नियम नव्हता. वर तिनं पानाही मागून घेतला आणि तो कसा फिरवायचा ते दोनदा करून पाहिलं.

परतीच्या एसटीत पोत्यात गुंडाळलेलं चाक मांडीवर घेऊन ती बसली. कंडक्टर म्हणाला, "ताई, बाळ आहे का?" तिनं मान हलवली. एका अर्थी होतंच.

भटूनं मागचा चिमटा थोडा फाकवून चाक बसवलं, कुरकुरत. आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी निंबा नाना केळीची फणी घेऊन दारात हजर झाले. त्यांनी चपला काढल्या नसतील तोच सासूबाईंनी बातमी दिली.

"नाना, तुमच्या लेकीनं तुमचं चाक धुळ्याला नेऊन टाकलं!"

नाना सायकलपाशी गेले. चाक पाहिलं. लेकीकडे पाहिलं. तिनं तीन तुकडे त्यांच्या हातात दिले.

"पोरगी होती यावर?"

"तिसऱ्या वेळी."

नानांनी तुकड्यांच्या मोडलेल्या टोकांवरून अंगठा फिरवला.

"दुकानदार सांगत होता मला," ते म्हणाले, "की नाना, पाचाची घ्या, सहाच्याला दांडा दम धरत नाही. मी म्हटलं, थोरल्या जावयाला पाचाची दिली. याला पण पाचाचीच दिली तर त्याची आई काय म्हणेल?"

अंगणात सगळे एकदम सासूबाईंकडे पाहू लागले. सासूबाईंना चुलीवर दूध ठेवल्याचं आठवलं. घरात चूल नव्हती, गॅस होता.

दुसऱ्या दिवशी केतकीला कॅरिअरवर बसवलं तेव्हा वैजयंतीनं चाक उजवीकडून-डावीकडून हलवून पाहिलं, पोरीचे पाय स्पोकपासून किती लांब आहेत ते चार बोटांनी मोजलं. प्रल्हाद चिडून म्हणाला, "अहो बाई, जाऊ द्या आता!" सायकल निघाली. तिच्यामागे वैजयंती, वैजयंतीमागे नाना, आणि काही चुकायला नको म्हणून सासूबाई.

असोदा गेटला फाटक उघडं होतं. प्रल्हादनं आयुष्यात पहिल्यांदाच गिअर बदलला. बहुधा मागून येणारी मिरवणूक चुकवायला. चाक पहिल्या रुळावरून गेलं, मग दुसऱ्यावरून. केतकीनं मागे वळून हात हलवला आणि वैजयंती ओरडली, "धरून बस!"

सायकल पलीकडच्या वळणावर दिसेनाशी झाली.

"झालं समाधान?" सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "चल आता घरी."

"तुम्ही व्हा पुढे," फाटकाजवळच्या दगडावर पदर आवरून बसत वैजयंती म्हणाली. "येताना पण हेच रूळ आहेत."