पट्टीवरची साखर

बांधकामावरच्या दवाखान्यात कंपाउंडरने कागदी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. तिचं टोक गडद तपकिरी झालं होतं.

“लघवीत साखर आहे. भरपूर आहे,” तो म्हणाला. “असा माणूस क्रेनवर चढवता येत नाही.”

“माझी मधुमेहाची नवी गोळीच बाहेर काढतेय ती साखर,” क्रेनवाला म्हणाला. “रक्त तपासा. रक्त चांगलंय माझं.”

गोळी देताना डॉक्टरांनी क्रेनवाल्याला नीट समजावलं होतं. मूत्रपिंड रक्तातली साखर आधी पाण्याबरोबर गाळतं. मग त्याच्या नळ्यांतल्या पेशी ती वेचून पुन्हा रक्तात सोडतात. उपासमारीत ही काटकसर माणसाला तारते. पण मधुमेहात रक्त साखरेने ओसंडत असलं तरी पेशी वेचतच राहतात, उलट जास्तच वेचतात. नवी गोळी त्यांचा हात धरते आणि साखर लघवीवाटे निघून जाते. ‘म्हणजे आमच्या हिच्यासारखंच,’ तो तेव्हा म्हणाला होता, ‘कपाटाचं दार लागत नाही, पण रिकामी बरणी टाकू देणार नाही.’ बायको शेजारीच बसली होती.

कंपाउंडर माणूस वाईट नव्हता. त्याने ऑफिसात विचारून पाहिलं. उत्तर आलं, नियम पट्टीचा आहे. आठवड्याने पुन्हा बघा, साखर दिसली तर क्रेन दुसऱ्याला द्या.

क्रेनवाल्याची उभी हयात क्रेनच्या केबिनमध्ये गेलेली. दुसरं काही त्याला येत नव्हतं. त्या संध्याकाळी बायकोने विचारलं, “अहो, गोळी घेतलीत?”

“घेतली,” तो म्हणाला. गोळी खिशातच राहिली.

आठवड्याने पट्टी कोरी निघाली. कंपाउंडर मनापासून खूश झाला. “बघा, बरे झालात की.”

पट्टीची तपासणी आता कधीही होऊ शकत होती, त्यामुळे गोळी पुन्हा सुरू करायची सोय उरली नाही. साखर मात्र चढत गेली. घशाला कोरड पडायची. पाणी प्यावं तर लघवीला खाली उतरावं लागे आणि तेवढा वेळ सगळं काम खोळंबे. गुडघे काचेला टेकणाऱ्या त्या केबिनमध्ये तो तहान गिळून बसे. एक गोष्ट तो विसरू पाहत होता. वेचणाऱ्या पेशींचेही हात कधीतरी भरतात. मग साखर आपोआप सांडते आणि पट्टी रंगतेच.

खाली हाताने खुणा करायला त्याचा मेहुणा होता. दिवसभर वॉकीटॉकीवर तो थट्टा करत असे. त्या दुपारी लोखंडी सळ्यांचा भारा माणसांच्या डोक्यावरून सरकत होता. मेहुण्याने हात वर केला. क्रेनवाल्याला तो हात धुरकट दिसला. बोटं कुठे संपतात तेच कळेना. त्याने भारा जागीच थांबवला.

“अरे, मूठ आहे की पंजा?”

“दाजी, चेष्टा करू नका. खाली माणसं आहेत.”

“चेष्टा नाही. मला दिसत नाहीये. आधी माणसं हलव, मग तोंडाने सांग.”

मेहुण्याने माणसं हलवली. मग डावीकडे, हळू, थोडं खाली, असं सांगत राहिला. त्याच्या आवाजातली थट्टा पार गेली होती. भारा जमिनीला टेकला तेव्हा एक सळईसुद्धा वाजली नाही.

क्रेनवाल्याने यंत्र बंद केलं. शिडीची प्रत्येक पायरी पायाने चाचपत तो खाली आला. मेहुण्याच्या बाटलीतून पोटभर पाणी प्यायला, सरळ कंपाउंडरच्या टेबलापाशी गेला आणि केबिनची किल्ली पट्ट्यांच्या डबीशेजारी ठेवली.

आता वर मेहुणा बसतो. क्रेनवाला खाली हाताने खुणा करतो आणि रोज गोळी घेतो. लघवीतून साखर वाहून जाते आणि जमिनीवरच्या माणसाची पट्टी कोणी तपासत नाही. भारा डोक्यावर आला की तो मान मागे टाकून केबिनच्या काचेकडे बघतो आणि हात वर करतो. हाताची पाचही बोटं त्याला स्वच्छ दिसतात.