किरकोळ दुरुस्त्या

गावोगावची वाचनालयं पुस्तकांची देवघेव ज्यावर नोंदवतात, तो फुकट मिळणारा प्रोग्रॅम संयोगिता सांगलीत बसून सहा वर्षं एकटी सांभाळत होती. कॉलेजात शिकवायचं आणि घरी येऊन त्याची डागडुजी करायची. कोड सगळ्यांना खुला होता. कुणीही दुरुस्ती पाठवावी, तिनं तपासून घ्यावी. पण पाठवत कुणी नव्हतं.

मग माण तालुक्यातली अपेक्षा आली. घरी मेंढरं, नुकताच कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेला. तीन महिन्यांत तिनं बंद पडलेल्या लिंका बदलल्या, जुनाट झालेले भाग काढून नवे बसवले, सूचनांमधल्या चुका नीट केल्या. कंटाळवाणं काम, पण चोख.

हा प्रोग्रॅम मुळात लिहिला होता जयराजनं. आता तो पुण्यात मोठ्या हुद्द्यावर होता, वर्षातून एकदा इकडं डोकावायचा. त्यानं सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, 'नुसती झाडलोट करून लोक नाव मिरवतात. असल्या किरकोळ दुरुस्त्या घेऊ नका.'

संयोगिताचं डोकं फिरलं. तिनं तिथंच लिहिलं, 'अपेक्षाचं एक काम चुकलेलं दाखव. ही झाडलोट मी सहा वर्षं केली, तेव्हा तुला दिसली नाही.'

वाद आठवडाभर पेटला. शेवटी असल्या दुरुस्त्या घ्यायच्या की नाही, यावर सुरुवातीपासूनच्या तिघांनी मत द्यायचं ठरलं. संयोगिता, जयराज आणि तिसरी पूजा. "तुझंच बरोबर आहे गं," असं ती फोनवर म्हणाली होती. मत तिनं जयराजला दिलं. त्याच्या कंपनीत तिची मुलाखत होती, हे संयोगिताला मागाहून कळलं.

तिनं अपेक्षाला फोन लावला. "मी सोडणार नाही. पुन्हा विषय काढते."

"नगं मॅडम," अपेक्षा म्हणाली. "त्यांची ती एक ओळ कुणी वाचली बी नसती. आता माझं नाव शोधलं की पयलं ते भांडणच येतंय. नोकरी देणारं तेच वाचत्यात."

"मग मी गप्प बसायचं होतं का?"

"मला इचारायचं हुतं."

संयोगितानं माफी मागितली. पलीकडून नुसतं "व्हय" आलं. मग अपेक्षा म्हणाली, "माझ्या सात दुरुस्त्या पडून हायती. त्या तेवढ्या काढून टाका."

संयोगितानं एकेक उघडली, नीट वाचली आणि न घेताच बंद केली. सातही बरोबर होत्या. नंतर तिनं प्रोग्रॅम सांभाळायचे स्वतःचे अधिकार सोडले. जयराजनं उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं.