दोघांचा एक घोडा

इंग्लंडमधल्या ग्रिम्स्बी या बंदराच्या गावी, एका रुग्णालयात, पुनर्वसनाच्या वॉर्डात मी मदतनीस होते. क्लिफर्ड हार्कर जन्मभर मासेमारीच्या बोटीवर राबलेला. अर्धांगवायूने त्याचा उजवा हात लुळा पडला होता. विनिफ्रेड स्पेन्सबाई निवृत्त शिक्षिका. त्यांचा डावा हात तसाच लुळा. दोघांचं एकाच बाबतीत एकमत होतं, ते म्हणजे समोरचा माणूस असह्य आहे.

"जरा हळू खोकता येईल का, मिस्टर हार्कर?"

"वर्गात नाही बसलोय मी, मास्तरीणबाई."

बाई व्यायामाला जायच्या नाहीत. "या वयात काय उपयोग?" म्हणून खिडकीकडे तोंड करून बसायच्या.

कुणीतरी वॉर्डाला एक जुना व्हिडिओ गेम दिला. सोबत एकच कॅसेट होती, एका जुन्या सिनेमावरची. भविष्यातून काउबॉयच्या जमान्यात येऊन पडलेला एक म्हातारा माणूस घोडा दौडवतो. पुढे उधळलेला टांगा, टांग्यात एक बाई, आणि त्यापुढे दरी. वाटेत खडक आले की उडी मारायची, पक्षी झेपावले की वाकायचं.

क्लिफर्ड डाव्या हाताने वाकायचा झकास. पण उडीचं बटण उजवीकडे. पहिल्याच खडकाला घोडा आडवा.

"उडी मारा! अहो, उडी!" मागून बाई ओरडल्या.

"कशानं मारू? नाकानं?"

बाईंनी आपली चाकांची खुर्ची पुढे ढकलली. "सरका."

ताटाखालची न घसरणारी रबरी चटई मी टेबलावर अंथरली आणि तिच्यावर गेमचा रिमोट ठेवला. डावीकडे त्याचा अंगठा, उजवीकडे बाईंचा. मग रोज दुपारी भांडण.

"पक्षी दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला हो! तुम्ही उगाच हवेत उडवलंत मला, वाकू कसा?"

घोडा पडत राहिला, पण दरवेळी थोडा पुढे जाऊन. वॉर्डातले बाकीचे चहाचे कप घेऊन मागे जमायला लागले.

एके दिवशी क्लिफर्ड आलाच नाही. जिना चढणं जमणार नाही, तेव्हा वरच्या मजल्यावरचं घर सोडावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. बाईंनी मला खुर्ची त्याच्या खोलीत न्यायला लावली.

"मिस्टर हार्कर, मला उडी मारता येते. वाकता येत नाही."

"दुसरा कुणी बघा."

"दुसरे सगळे चुकीच्या वेळी वाकतात. तुम्ही निदान बरोबर वेळी भांडता."

 मग त्याचे खांदे हलले. मला वाटलं रडतोय, हसत होता. "चला," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "बूट तेवढे घाला माझ्या पायात."

त्या दुपारी दोघं भांडलेच नाहीत. बाई नुसतं "हं" म्हणायच्या, तो "आता" म्हणायचा. खडक, पक्षी, पुन्हा खडक. दरी अगदी जवळ आली आणि घोडा टांग्याला भिडला. टांग्यातली बाई वाचली! मागे कुणाचा तरी चहा सांडला. क्लिफर्डने डावा हात पुढे केला, बाईंनी उजवा. दोन उलटे हात; हस्तांदोलन काही धड जमेना. शेवटी बाईंनी त्याची बोटंच घट्ट धरली.

पडद्यावर पुढचा टप्पा उघडला. तिथे घोडा नव्हता, फक्त नेमबाजी.

"याला एकाच माणसाचे दोन्ही हात लागणार," क्लिफर्ड म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला विचारलं, "व्यायामाचा वर्ग कुठे असतो गं?"

बाईंचा डावा हात पूर्ण सुधारला नाही, पण कप धरण्याइतका आला. क्लिफर्डला गोदीजवळ तळमजल्यावर घर मिळालं. तिथे पहिल्यांदा चहाला गेल्या त्या बाईच, बसने, काठी टेकत, एकट्या. त्यांनी आल्या आल्या पडदे किती मळलेत ते सांगितलं, आणि तो म्हणाला, "बसा आधी."