औषध पाजलेलं लाकूड

आत्याला घरात फालतू वस्तू खपत नसे. फालतू कशाला म्हणायचं हे ठरवायचा हक्क अर्थात तिचाच. लोकांची घरं साधी करून देणं हा तिचा धंदा. जुनं लाकूड शोधायचं, रंधा मारून, घासून त्याची टेबलं आणि पलंग करायचे, भिंतींना चुना द्यायचा आणि चकचकीत पॉलिशला उंबऱ्याबाहेर ठेवायचं. काम ती फार सुंदर करायची, त्यात वाद नाही. पण ते तिच्या अंगात इतकं भिनलं होतं की समोर माणूस दिसला तरी आधी तो कशावर बसलाय तेच तिच्या नजरेत भरे. कुणाकडे चहाला गेली तरी कपाटाच्या फळीवर टिचकी मारायची, आणि आवाज पोकळ आला की तोंड असं करायची, जणू त्या घरात कुणी वारलंय.

तिला आत्या केलं ते धाकट्या भावाच्या लेकीने. वर्षाचीही नव्हती पोर, गालांनी गोलमटोल, म्हणून घरातले सगळे तिला ढब्बू म्हणत. आत्याला स्वतःचं मूलबाळ नव्हतं आणि तिने त्याचं रडगाणंही कधी गायलं नव्हतं. पण ढब्बू जन्मली आणि ही बाई पार विरघळली. पोर रांगायला लागली तसं तिने भावाला बजावलं, "कॉट मी करणार. दुकानातली आणलीत तर याद राखा."

आणि केली. कारागिराला हातसुद्धा लावू दिला नाही. एक खिळा नाही, एक स्क्रू नाही, सगळे सांधे खाचेत खाच बसवून. कठड्याची कड तिने कानस आणि काचकागद घेऊन इतकी गोल केली की अंगठा कुठे अडकत नव्हता. रंग नाही, पॉलिश नाही, वरून फक्त जवसाचं तेल, तेही नावापुरतं. "चावली तरी चालेल," ती भावजयीला म्हणाली होती. "पोटात लाकूड जाईल, रसायन नाही."

लाकूड मिळालं होतं गावाबाहेरच्या वखारीत. फिकट, सरळ रेषांचं, हलकीशी हिरवट झाक असलेलं, आणि इतकं जुनं असूनही त्याला कुठे कीड नाही की वाळवी नाही. आत्या बघताक्षणी हरखली. "एखाद्या शाळेच्या जमिनीच्या फळ्या असणार या," ती वखारवाल्याला म्हणाली. तो म्हणाला, "असतील." झालं. तेवढ्यावर तिने घरी येऊन अख्खी कहाणी रचली, की या फळ्यांवरून किती पोरं धावली असतील, त्यांच्या पायांनी लाकूड कसं मऊ झालं असेल. तिच्या गिऱ्हाइकांना अशा कहाण्या फार आवडत. आणि खोटं कशाला बोलायचं, तिलाही आवडत.

म्हणून त्या दुपारी ती पुन्हा वखारीत गेली. ढब्बूसाठी त्याच लाकडाचं बुटकं टेबल करावं असं तिच्या मनात होतं.

"ते संपलं, मॅडम," वखारवाला म्हणाला. तो खुर्चीत मागे रेलून कान कोरत होता. "कुंपणवाला घेऊन गेला सगळं. बरं झालं, ब्याद गेली."

"ब्याद कसली? इतकं चांगलं लाकूड."

"चांगलंच होतं हो. पण भानगडीचं. कारखान्यातून आलेलं ना. त्यांचे ते पाणी थंड करायचे मनोरे असतात, त्यातलं. रात्रंदिवस अंगावर पाणी, तरी कुजत नाही. औषध पाजलेलं असतं त्याला. देताना त्यांनी बजावलं होतं, जाळू नका, गुरांच्या गव्हाणीला लावू नका."

"औषध म्हणजे काय?"

"सोमल. आर्सेनिक म्हणतात ना, ते," तो म्हणाला, बाजारभाव सांगावा तसा. "वाळवी काय, उंदीरसुद्धा तोंड लावायचा नाही."

"तुम्ही मला शाळेची जमीन म्हणून विकलंत!"

"मी नाही हं. तुम्हीच म्हणालात शाळा. गिऱ्हाईक खूश आहे म्हटल्यावर मी कशाला मधे तोंड घालू? मला वाटलं, बागेत बाकडं-बिकडं करणार असाल." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो सरळ बसला. "काय केलंत तुम्ही त्याचं?"

आत्या गाडीकडे धावली. ती हिरवट झाक तिने पाहिली होती. रंधा मारला तेव्हा आतूनही ती तशीच निघाली होती, आणि असं कुठलंही लाकूड आपण आजवर पाहिलेलं नाही हेही तिच्या मनात येऊन गेलं होतं. पण मनाला म्हणाली होती, जुनं आहे, असेल. गुरांच्या गव्हाणीला लावू नका. आणि तिने त्यात पोर निजवली होती. कुणी विषारी लाकूड आणलं असतं आणि वर जाड पॉलिश फासलं असतं, तर निदान मधे एक थर तरी राहिला असता. तिने तोही ठेवला नव्हता.

तिने भावजयीला फोन लावला.

"ढब्बू कुठंय?"

"झोपलीये ताई. आत्ताच डोळा लागलाय."

"कॉटमध्ये?"

"मग कुठे झोपणार?"

"उचल तिला. आत्ताच्या आत्ता बाहेर काढ. लाकडात विष आहे."

पलीकडून एक दमलेला उसासा आला. त्या उसाशाला कारण होतं. गेल्या काही महिन्यांत आत्याने त्या घरात गादीच्या फोममध्ये विष दाखवलं होतं, रंगीत खुळखुळ्यात दाखवलं होतं, फरशी पुसायच्या वासाच्या पाण्यात दाखवलं होतं, पडद्यांतसुद्धा दाखवलं होतं. भावजय बिचारी दर वेळी एकेक वस्तू निमूट काढून टाकत आली होती. विष हा शब्द त्या घरात सर्दी-पडशासारखा झाला होता.

"बरं ताई. उठली की बघते."

"उठली की नाही, आत्ता!"

"अहो, दात येतायत तिला. सकाळपासून रडून रडून जीव खाल्लाय माझा. आता कुठे गप्प झालीये. तुम्ही या ना, मग बघू काय ते." आणि फोन बंद. आत्याने पुन्हा लावला, पुन्हा लावला. पोर उठू नये म्हणून आवाज बंद केलेला असणार. भावाचाही लागेना.

तो रस्ता आत्याच्या रोजच्या पायाखालचा, पण त्या दुपारी तो सरता सरेना. पुढे एक ट्रक वळायला बघत होता आणि त्याला वळता येत नव्हतं. आत्या हॉर्नवर हात दाबून बसली. दात येतायत. म्हणजे हिरड्या शिवशिवतात. म्हणजे पोर मिळेल ते तोंडात घालते. आणि तोंडासमोर काय आहे, तर गोल केलेला, मऊ, पोरीच्या तोंडात मावेल असा कठडा. देवाचं नाव घ्यायची तिला सवय नव्हती, तरी ती काहीतरी पुटपुटत होती. त्यातच तिच्या लक्षात आलं की आपण फोनवर "लाकडात विष आहे" असं म्हणालो. मी विष आणलं, असं नाही म्हणालो. ते तोंडातून निघालंच नव्हतं.

भावजयीने दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवून. आत्या तिला बाजूला सारून चपलांसकट आत शिरली.

ढब्बू जागी होती. उठून कुणाला हाक न मारता, कठडा दोन्ही मुठींत धरून उभी होती आणि शांतपणे, मन लावून चावत होती. लाळ हनुवटीवरून लाकडावर गळत होती, आणि जिथे लाकूड ओलं झालं होतं तिथे ते हिरवंगार दिसत होतं.

आत्याने तिला हिसकावूनच उचललं. पोर किंचाळली.

"ताई! काय चाललंय तुमचं?" भावजय पहिल्यांदाच तिच्यावर ओरडली. "घाबरवलंत तिला! बस झालं आता, दर वेळी आपलं..."

"माझी चूक आहे," आत्या म्हणाली.

हे वाक्य त्या घरात आजवर कुणी तिच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. भावजयीचा रागाने लाल झालेला चेहरा बघता बघता पांढरा पडला. जे विष या शब्दाने झालं नव्हतं ते या तीन शब्दांनी झालं.

"हे लाकूड शाळेचं नाही. कारखान्यातलं आहे. त्यात सोमल मुरवलाय. मी विचारलं नाही. माझं मीच ठरवलं आणि आणलं. तिचं तोंड धू, हात धू, डॉक्टरकडे चल."

भावजयीने पोर तिच्या हातातून काढून घेतली.

निघण्याआधी आत्या कॉटपाशी वाकली. डॉक्टर विचारणार, किती चावलं. तिने कठड्यावरून अंगठा फिरवला. ती गोलाई तिने स्वतः घडवली होती, तिच्या अंगठ्याला ती पाठ होती. आता अंगठा जागोजागी अडखळत होता. बारीक बारीक दातांच्या खुणा, आणि मधल्या भागात तर कडच नाही. तिने खाली चादर झटकून पाहिली, गादी उचलून पाहिली, फरशीवर हात फिरवला. तिथून निघालेली झिलपी कुठेच नव्हती. मग ती तिथेच मटकन बसली, कारण झिलपी कुठे गेली हे आता उघड होतं.

डॉक्टर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पोरीचं पोट दाबलं, डोळे, हात, तळवे बघितले. "वरून तर ठीक दिसतेय," त्या म्हणाल्या. "पण वरून बघून यातलं काही कळत नाही. लघवी तपासायला पाठवू. ती तपासणी इथे होत नाही, रिपोर्टला काही दिवस लागतील. उलट्या, जुलाब, अंगावर काही उठलं तर तडक घेऊन या." मग आत्याकडे वळून म्हणाल्या, "घासताना भुसा नाकातोंडात गेला असेल तुमच्या. तुमचीही तपासणी करायला हवी." आत्याने मान हलवली. स्वतःचं तिला त्या घटकेला काही पडलेलं नव्हतं.

ते दिवस कसे गेले ते त्या तिघांनाच ठाऊक. ती कॉट जाळता येत नव्हती, कुणाला देता येत नव्हती, नुसती बाहेर फेकताही येत नव्हती. आत्याने बाजारातून प्लास्टिकचा जाड कागद आणला, आयुष्यात पहिल्यांदा स्वतः निवडून, आणि कॉटचा एकेक भाग त्यात गुंडाळून विषारी कचरा नेणाऱ्यांच्या हवाली केला. रोज ती भावाकडे जायची आणि दाराजवळच्या स्टुलावर बसायची. पोरीने दूध ओकलं की तिघांचे श्वास अडकायचे. लहान मूल दूध ओकतंच, हे तिघांनाही माहीत होतं. भाऊ मधेच म्हणायचा, "ताई, तू काही मुद्दाम नाही केलंस." म्हणायचा, पण बहिणीच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

भावजय पहिले काही दिवस बोललीच नाही. मग एकदा ढब्बूला भरवता भरवता, वर न बघता म्हणाली, "मी पाहिलं होतं तिला चावताना. खूपदा. आधी मला कसंसंच वाटायचं. थांबवायला हात पुढे गेला होता माझा. मग म्हटलं, ताईंनी सांगितलंय ना, चावली तरी चालेल." तिने चमचा वाटीत ठेवला. "माझ्या पोटची पोर, ताई. आणि मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. तुमच्या बोलण्यावर ठेवला."

आत्याला ओरडा चालला असता, शिव्या चालल्या असत्या.

शेवटी डॉक्टर बाईंचा फोन आला. भावजयीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. विष अंगात गेलं होतं. असायला हवं त्याहून जास्त होतं, पण घात करील इतकं नव्हतं. "आता संबंध तुटलाय, हळूहळू शरीर बाहेर टाकेल. महिन्याने पुन्हा बघू," त्या म्हणाल्या. भाऊ भिंतीला टेकला आणि लहान पोरासारखा रडला. भावजयीने ढब्बूला इतकं घट्ट धरलं की ती वैतागून पाय झाडायला लागली.

आत्याही रडली असती, पण तिला उभं राहवेना आणि बसवेना. ती न्हाणीघरात गेली आणि हात धुवायला लागली. याच हातांनी ते घासलं होतं. ते नखांत गेलं असेल, रेघांत बसलं असेल. हे खुळचटपणाचं आहे हे तिला कळत होतं, इतक्या दिवसांत हातांवर काय राहणार आहे. तरी तिने पुन्हा साबण लावला आणि पुन्हा नळ सोडला. मागे दारात ढब्बू रांगत आली आणि तिच्या साडीला धरून उभी राहिली. "आ, आ," करत तिने हात वर केले. आत्या अंग चोरून बेसिनला चिकटली. "नको गं. नको. थांब, धुतेय मी." पोर रडायला लागली आणि आत्याने तिसऱ्यांदा साबण हातात घेतला.

भावजय दारात येऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती पुढे आली आणि तिने नळ बंद केला.

"पुरे," ती म्हणाली. तिने नॅपकिनने आत्याचे हात एखाद्या पोराचे पुसावेत तसे पुसले, खाली वाकून ढब्बूला उचललं आणि पुढे केलं. "घ्या."

"मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते. घ्या."

आत्याने पोरीला घेतलं. ढब्बूचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. तिने आत्याचं बोट दोन्ही हातांनी पकडून तोंडात घातलं आणि नव्या दातांनी कडकडून चावा घेतला. आत्याने भावजयीकडे पाहिलं. भावजयीचा चेहरा घाबराघुबरा झाला होता, तिचा हात अर्धवट पुढे आला होता, पण तिने तो मागे घेतला. आत्या तशीच उभी राहिली आणि तिने पोरीला चावू दिलं.