थांबवण्याचं कारण

"थांबू का?" लिफ्टवाल्या काकांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा सरकत्या पट्ट्यावर त्यांची साडेआठ मिनिटं झाली होती आणि कपाळावर घामाचा टिपूसही नव्हता.

"त्रास होतोय का काही?" ताईंनी विचारलं.

"नाही. पण तुम्ही म्हणाल तेव्हा थांबतो."

"मग चाला की. मी काही म्हणत नाही."

हृदयाच्या रोग्यांना चालवणं हे ताईंचं काम. एकोणीस वर्षं त्या या खोलीत होत्या. खोली म्हणजे एक पट्टा, एक पलंग, एक कॉम्प्युटर आणि गाड्या उभ्या करायच्या जागेवर उघडणारी एक खिडकी. कुणाला दटावून, कुणाला गोंजारून, कुणाला सुनेच्या तक्रारी सांगायला लावून त्या चालवत. इस्पितळात लहानथोर सगळेच त्यांना ताई म्हणत. काकांना मात्र 'लिफ्टवाले' हे नाव आज सकाळीच मिळालं होतं. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं होतं की तुमच्या लिफ्टचं दार दुसऱ्या मजल्यावर अडखळतंय, रोलर झिजलाय, महिनाभरात बंद पडणार. चाळीस वर्षं लिफ्टदुरुस्ती केलेला माणूस. नोकरीतून निवृत्त झाला तरी कान कुठे निवृत्त होतात?

पट्ट्यावरचं चालणं ही या तपासणीची निम्मीच गोष्ट होती. छातीवरच्या तारांतून आणि दंडावरच्या पट्टीतून नाडी, श्वास, रक्तदाब सगळं कॉम्प्युटरमध्ये जायचं आणि तिथे त्या माणसाच्या मापाचं एक हृदय तयार व्हायचं. मग डॉक्टर त्या हृदयाला जिने चढायला लावत, पोहायला लावत, ओझी उचलायला लावत आणि ते कुठे हात टेकतं ते बघून खऱ्या माणसाला सांगत, हे करा, ते करू नका. ताई रोग्यांना समजावताना म्हणायच्या, "तुमचा जुळा भाऊ बसलाय आत. जिने तो चढणार, धाप त्याला लागणार, तुम्ही नुसतं उत्तर घेऊन घरी जायचं." या वाक्याला माणसं हमखास हसत आणि हसली की पट्ट्यावर चढत.

काकाही हसले होते. "भेटलोय मी त्याला," म्हणाले होते. अडीच वर्षांपूर्वी, हृदयाचा झटका येऊन गेल्यावर, त्यांची हीच तपासणी इथेच झाली होती. खरं तर दर वर्षी यायचं असतं. पण एकदा उत्तर मिळालं होतं, परत परत काय विचारायचं, असा त्यांचा सरळ विचार. आता नव्या डॉक्टरांनी हट्टाने पाठवलं म्हणून आले होते.

"मागच्या वेळी तुम्हीच होतात," काका चालता चालता म्हणाले. "सहा मिनिटांत उतरवलंत मला. मी म्हटलं, अजून चालतो की. तर तुम्ही म्हणालात, पुरे काका, कशाला उगाच जिवाला त्रास. बरं केलंत. मी काही आपणहून थांबणाऱ्यातला नाही."

ताईंना ते आठवत नव्हते. दिवसाला वीस-पंचवीस माणसं त्या पट्ट्यावरून जात, कोण कोण लक्षात राहणार? त्या तोंडभरून हसल्या आणि वेग एका घराने वाढवला.

वेग वाढला तसे काका बोलायलाही लागले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्ट चालू ठेवल्या आणि स्वतः राहिलो बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलेलं असावं की हशाची जागासुद्धा ठरलेली होती. बायकोचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. रोज संध्याकाळी ते तिला पाठुंगळी घेऊन खाली न्यायचे, इमारतीसमोरच्या बाकावर बसवायचे, आणि अंधार पडायच्या आत परत वर आणायचे. चार वर्षं एक दिवस चुकला नाही. मग झटका आला आणि मग ही तपासणी. कागदावर लिहून आलं: एक मजला, सावकाश. पाच किलोच्या वर वजन उचलू नये.

"पाच किलोत काय येतं?" काका म्हणाले. "माझी हत्यारांची पेटी पण नाही."

बायको दोन महिने घरातच पडून राहिली. मग मुलगी येऊन आईला आपल्या गावी घेऊन गेली. तिचं घर तळमजल्यावर होतं, पण दोनच खोल्यांचं. वडिलांना ठेवून घ्यायला जागा नव्हती. काका एकाआड एक रविवारी बसने जायचे. पाच तास जायला, पाच तास यायला. गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी फोन आला आणि ते पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

"पण एक सांगतो ताई," काका म्हणाले आणि अजूनही त्यांचं वाक्य धापेने तुटत नव्हतं, "तुमच्या कॉम्प्युटरने वाचवलं आम्हाला. तिला पाठीवर घेऊन मी जिन्यात कोसळलो असतो तर दोघंही गेलो असतो. मी मनाला तेच सांगतो."

अकराव्या मिनिटाला यंत्राने स्वतःच शिट्टी वाजवली. वयाला झेपेल तेवढी नाडी गाठून झाली होती. ताईंनी पट्टा थांबवला, काकांना पलंगावर निजवलं आणि वीस मिनिटं हलायचं नाही म्हणून सांगितलं. नेहमीच्या सवयीने त्यांनी जुनी तपासणी काढून नवीच्या शेजारी लावली.

पडद्यावर दोन रेघा आल्या. सहा मिनिटं दहा सेकंदांपर्यंत त्या जवळजवळ एकमेकींवर होत्या. मग नवी पुढे गेली आणि जुनी तुटली. तुटण्याआधी ती वर उसळली नव्हती, वाकडी झाली नव्हती. नाडी शांत, श्वास शांत, रक्तदाब जिथल्या तिथे. खाली लिहिलेलं होतं: थांबवण्याचं कारण, दम लागला. शेजारी ताईंचा क्रमांक, शनिवारची तारीख, आणि वेळ, बारा वाजून पन्नास मिनिटं.

ताईंनी ती ओळ पुन्हा वाचली.

त्या कारणांची यादी त्यांना तोंडपाठ होती. छातीत दुखलं, दम लागला, पाय भरून आले, चक्कर आली, आणि सगळ्यांत शेवटी, तंत्रज्ञाने थांबवलं. हे शेवटचं निवडलं की एक रिकामा चौकोन उघडायचा आणि का थांबवलं ते लिहिल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जायचा नाही. वर डॉक्टर फोन करून विचारणार ते वेगळंच. म्हणून त्या खोलीत काम करणारी सगळीच जणं, गर्दी असली, घरी जायची वेळ झाली, की पट्टा थांबवून 'दम लागला' दाबून मोकळी होत. हृदयाचा रोगी आहे, दम लागणारच, कोण विचारतंय? शनिवारी खोली एकला बंद व्हायची.

आत बसलेल्या जुळ्या भावाने ते खरं मानलं होतं. सहा मिनिटांत या माणसाला दम लागतो, म्हणजे त्याची ताकद इथे संपली. त्यापुढे तो तीन मजले कुठून चढणार आणि पाठीवर माणूस कुठून घेणार?

त्या शनिवारी आपल्याला कुठे जायचं होतं, हे ताई आठवून आठवून थकल्या. कुणाचं लग्न होतं, की बसच गाठायची होती, की नुसती भूक लागली होती? बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन त्यांनी नवऱ्याला फोनही केला. अडीच वर्षांपूर्वीचा शनिवार? काल काय केलं ते आठवत नाही मला, तो म्हणाला, आणि हसला. ताईंना रडू यायला लागलं. एखादं मोठं कारण असतं तर निदान त्याच्या मागे लपता आलं असतं.

ताई डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि दारातच सगळं सांगून टाकलं. डॉक्टर त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण शांत बाई. त्यांनी दोन्ही रेघा पाहिल्या, जुनी दोनदा. चूक आहे, म्हणाल्या, आणि यापुढे ती यादी बदलून घेऊ. पण काकांना सांगू नका. जास्त जपल्यामुळे कुणाचा जीव जात नाही, आणि त्यांची बायको काही या कागदाने गेली नाही.

"त्यांनी मनाची समजूत घातलीय, ताई. तुमचं मन हलकं करायला त्यांची समजूत का मोडायची?"

हे ताईंना पटलं. पटलं हे बरं की वाईट, ते मात्र कळेना. गप्प बसायचं ठरवूनच त्या परतल्या.

काका पलंगावर नव्हते. शर्टाची बटणं लावत कॉम्प्युटरसमोरच्या स्टुलावर बसले होते आणि पडदा ताईंनी जसा सोडला होता तसाच होता.

"दोन्ही माझ्याच का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग ही इथे का तुटली?"

काका रेघेवर बोट ठेवून बसले होते.

"लिफ्ट बंद पडली म्हणून बोलावणं आलं की मी आधी एकच विचारायचो. आपोआप बंद पडली, की कुणी बंद केली? आपोआप पडणार असेल तर आधी कुरकुरते. ही काही कुरकुरलेली दिसत नाही."

"मी बंद केली," ताई म्हणाल्या. "तुम्हाला दम लागला नव्हता काका. मला घरी जायचं होतं. आणि मी दम लागला असं लिहिलं."

बाहेर कुणाची तरी गाडी मागे घेताना टुंटुं वाजत होती. एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं, ते काकांनी काढलं आणि पुन्हा तिथेच लावलं.

"मी म्हटलं होतं, अजून चालतो."

"म्हणाला असाल काका. मला आठवत नाही."

"असाल नाही. म्हटलं होतं."

"हो," ताई म्हणाल्या. माफ करा म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण तो शब्द इतका किरकोळ वाटला की त्यांनी तो गिळला. एकोणीस वर्षांत आपल्या क्रमांकाखाली असे किती शनिवार असतील, आणि ती माणसं कुठल्या कुठल्या मजल्यांवर बसून असतील, हे त्यांच्या मनात आलं.

"तिने एकदाच विचारलं होतं," काका पडद्याकडे बघत म्हणाले. "मुलीकडे जायच्या आदल्या दिवशी. म्हणाली, आजच्या दिवस बाकावर जाऊ या का? मी तिला कागद दाखवला."

मग त्यांनी विचारलं, "आता विचारता येईल का त्याला? त्या वेळच्या मला, आत्ताच्या नाही. मला जमलं असतं का?"

"येईल. पण कशाला काका?"

"विचारा."

ताई खुर्चीत बसल्या. जुनी तपासणी उघडून त्यांनी कारण बदललं: तंत्रज्ञाने थांबवलं. रिकामा चौकोन उघडला. इतकी वर्षं ज्याला टाळलं त्या चौकोनात त्यांनी लिहिलं, "रुग्णाला त्रास नव्हता. मला घाई होती." कॉम्प्युटरने काही न विचारता ते घेतलं आणि जुळा भाऊ नव्याने तयार व्हायला लागला.

"मजले तीन," ताई म्हणाल्या. "वजन?"

"एक्केचाळीस. दवाखान्यात मोजलं होतं."

"मध्ये थांबायचात?"

"प्रत्येक मजल्यावर. तिला कठड्यावर टेकवून."

"किती वेळ?"

"तिचं बोलून होईपर्यंत." काकांनी जरा विचार केला. "दोन मिनिटं धरा."

उत्तर क्षणातही मिळालं असतं. पण रोग्याला दाखवायचं असेल तर सगळं खऱ्या वेगाने चालवायची सोय होती, ताईंनी ती निवडली. खाली हिरवा पट्टा, मध्ये पिवळा, वर लाल. हिरव्यातून एक रेघ निघाली आणि पहिला जिना चढू लागली. पहिल्या मजल्यावर थांबली, खाली उतरली, पुन्हा निघाली. काका स्टूल पुढे ओढून बसले. त्यांचे हात खांद्यांपाशी गेले होते, पाठीवरच्या माणसाचे हात गळ्याशी धरून ठेवावेत तसे, आणि ते त्यांच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

दुसऱ्या मजल्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर रेघ पिवळ्याला शिवली. इतक्या वर्षांच्या सवयीने ताईंचा हात थांबवायच्या बटणाकडे गेला.

"थांबवू नका," काका म्हणाले. "एकच मजला राहिलाय. पोचू दे तिला वर."

ताईंनी हात मांडीवर घेतला. दाराशी पुढचा रोगी दोनदा डोकावून गेला होता. दुसऱ्या मजल्यावरची ती दोन मिनिटं दोघंही पडद्याकडे बघत बसून राहिले. रेघ हळूहळू हिरव्यात उतरली, सावरली, आणि शेवटचा जिना चढायला लागली.