डावा पाय पुढे

मित्रांनो, मी एक जुना सर्फबोर्ड आहे. लाटेवर उभं राहायची नऊ फुटी फळी म्हणा हवं तर. समुद्रापासून शेकडो मैल लांब, लातूरच्या एका घरात माळ्यावर पडून असतो.

माझा जन्म समुद्रकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पोटात फोम, वरून निळं मऊ आवरण. नवशिक्याला लागलो तरी टेंगूळ येऊ नये म्हणून. तिथं खडकांची एक सोंड पाण्यात शिरली होती. लाट तिच्या टोकाला अडायची आणि कडेकडेनं सावकाश उलगडत किनाऱ्याकडे यायची. भित्र्या माणसालाही सांभाळून घेईल अशी लाट. माझ्या पाठीवरून शेकडो माणसं पाण्यात पडली, थोडी उभी राहिली.

एके वर्षी लातूरचे गुरुपादप्पा आले. डाळमिलमध्ये मुकादम, वय पंचावन्न, पोहणं विहिरीत शिकलेले. पत्नी दानम्माबरोबर देवदर्शनाला निघालेले. एक दिवस थांबायचं म्हणून थांबले आणि मला बघून पाच दिवस राहिले.

चार दिवस ते नुसते पडत होते. नाकातोंडात पाणी जायचं, गुडघे खरचटायचे. दानम्मा छत्री घेऊन वाळूत बसायच्या.

"लोकं बघायलेत. या वयात काय हे?"

"बघू दे की. तू पण बघ," ते म्हणायचे.

पाचव्या सकाळी शिकवणारी दामिनी म्हणाली, "काका, पायाकडे बघू नका. समोरच्या माडाकडे बघा." लाट आली, तिनं मला मागून ढकललं. गुरुपादप्पांनी छातीजवळ हात टेकले, डावा पाय पुढे घेतला आणि ते उभे राहिले. पाय थरथरत होते, पण लाट वाळूला लागेपर्यंत ते पडले नाहीत. ते माडाकडे बघत होते. मी मात्र किनारा बघत होतो. दानम्मांची पाठ आमच्याकडे होती. नवऱ्याच्या सदऱ्यातली वाळू त्या झटकत होत्या.

ते धापा टाकत आले. "बघितलंस?"

"बघितलं की," दानम्मा म्हणाल्या. त्यांचा चेहरा बघून दुसरं काही बोलवलं नसावं.

त्याच दिवशी गुरुपादप्पांनी मला दामिनीकडून मागून घेतलं. बसच्या टपावरून मी लातुरात आलो आणि बैठकीत भिंतीला टेकून उभा राहिलो. आलागेला माझ्याविषयी विचारायचा. गुरुपादप्पा म्हणायचे, "खोटं वाटतंय? दानम्माला विचारा." दानम्मा सांगायच्या. दर खेपेला लाट थोडी उंच व्हायची. ते ऐकताना गुरुपादप्पांचा चहा गार होऊन जायचा.

तीन वर्षं अशी सुखात गेली. मग एका संध्याकाळी त्यांची पुतणी मंजुश्री आली. तिनं सहज विचारलं, "काकू, काकांचा कोणता पाय पुढं होता?"

"उजवा."

"डावा गं," गुरुपादप्पा हसत म्हणाले. मग हसू थांबलं. "दानम्मा, तू बघितलं होतंस ना?"

दानम्मांनी कप गोळा करायला घेतले. "न्हाई. माझी पाठ होती."

कुणी आवाज चढवला नाही. गुरुपादप्पांचं उभं राहणं त्या घरात त्यांच्याखेरीज फक्त माझ्या पाठीला ठाऊक होतं, आणि मला सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गुरुपादप्पांनी स्वतःच्या हातांनी मला माळ्यावर टाकलं. पुन्हा त्यांनी ती गोष्ट कुणाला सांगितली नाही.

गेल्या महिन्यात दानम्मांनी मला खाली काढून धुतलं, अंगणात आडवं ठेवलं आणि त्यांना हाक मारली.

"एकदा उभं राहून दाखवा. आता बघते."

ते उंबऱ्यात थांबले. रागावले नव्हते. "इथं लाट कुठं हाय, दानम्मा?" एवढंच म्हणाले आणि आत गेले. दानम्मा माझ्या पाठीवर हात ठेवून ऊन कलेपर्यंत बसून राहिल्या.

मित्रांनो, मला जपा, माझी धूळ पुसा, असं मागणं मी मागत नाही. तुमच्या घरातलं कुणी पहिल्यांदा काही करायला धडपडत असेल, तेव्हा हातातलं काम तेवढं खाली ठेवा. त्यांच्याकडे तोंड करून बसा, आणि नीट बघा.